मेर्त्ससाहेब, हागेनच्या मतपेटीकडे एकदा बघा

हागेन, नोव्हेंबर 2025

माननीय चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स यांस,


तुमचं घर आर्न्सबेर्गला, माझं हागेनला. सावरलांडचे डोंगर जिथे सुरू होतात त्या वेशीवरचं आमचं शहर, म्हणजे आपण तसे शेजारीच. मी मूळची साताऱ्याची. 2000 साली जर्मन सरकारनं संगणक अभियंत्यांसाठी ग्रीन कार्ड योजना काढली, तिच्यावर माझा नवरा पुण्याहून इकडे आला आणि त्याच्या मागोमाग मी. एका कुटुंबाच्या मालकीच्या, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या मध्यम कारखान्यात मी बरीच वर्षं हिशेब सांभाळते. भारतीय पासपोर्ट परत करून आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं. मताचा हक्क मिळाल्यापासून बहुतेक वेळा माझी फुली सीडीयूपुढेच पडली आहे. काटकसर, कुटुंब, छोट्या उद्योगाची कदर, देवाधर्माबद्दलचा साधा आदर, हे सगळं मी साताऱ्याहून येताना बरोबरच आणलं होतं. तुमच्या पक्षात मला ते ओळखीचं वाटलं.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मला जे म्हणायचं आहे ते या भाषेत सगळ्यात नेमकं म्हणता येतं. शिवाय साताऱ्या-सांगलीतून पोरीबाळींना नर्सिंगसाठी इकडे पाठवायला निघालेल्या आईवडिलांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

आधी 28 सप्टेंबरबद्दल सांगते. त्या रविवारी हागेनमध्ये महापौरपदाची दुसरी फेरी होती आणि मतपत्रिकेवर दोनच नावं उरली होती, एक तुमच्या पक्षाचे डेनिस रेबाइन, दुसरं कडव्या उजव्या एएफडीच्या उमेदवाराचं. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त, जन्मभर डाव्या एसपीडीचे, घरात अजून त्या पक्षाच्या जुन्या चान्सलरचा, विली ब्रांटचा, फोटो. त्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सीडीयूवर फुली मारली. समोरच्या गल्लीतल्या ग्रीन पक्षाच्या शिक्षिकेनंही तेच केलं, तुर्की किराणावाल्यानंही. रेबाइन यांना 70 टक्क्यांच्या पुढे मतं पडली. ज्यांचा तुमच्या करधोरणावर, तुमच्या पेन्शनवरच्या भाषणांवर काडीचा विश्वास नाही अशा माणसांनी तुमच्या पक्षाच्या हाती शहराच्या किल्ल्या दिल्या. त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता: हा पक्ष त्या दुसऱ्या पक्षासारखा नाही.

त्यानंतर जेमतेम दोन आठवडे गेले. 14 ऑक्टोबरला पॉट्सडाममध्ये एका पत्रकारानं तुम्हाला विचारलं की एएफडीची वाढ तुम्ही कशी रोखणार. प्रश्न एएफडीचा होता. तुम्ही उत्तर स्थलांतराचं दिलंत. वर्षभरात आकडे 60 टक्क्यांनी उतरवले, असं सांगितलंत, आणि पुढे म्हणालात की शहराच्या चित्रात ही अडचण अजून दिसतेच आहे, म्हणून गृहमंत्री मोठ्या प्रमाणावर लोकांना परत पाठवण्याच्या तयारीत आहेत. आठवड्याभरानं कुणीतरी अर्थ विचारला तेव्हा तुमचं उत्तर होतं, आपल्या मुलींना विचारा.

मी विचारलं. माझी मुलगी डॉर्टमुंडला शिकते आणि रात्रीच्या लोकलनं परत येते. तिनं तक्रारी सांगितल्या त्या अशा: शेवटच्या आधीची गाडी ऐन वेळी रद्द होते आणि फलाटावर एकटीनं थांबावं लागतं. स्टेशनच्या भुयारी वाटेतले दिवे कित्येक महिने बंद आहेत. मॅच संपल्यावर प्यायलेल्या माणसांचे घोळके डब्यात शिरतात, तेव्हा डब्यात रेल्वेचा एकही कर्मचारी नसतो. त्यातला कोण कुठून आला आहे याबद्दल ती काही बोलली नाही. मग तिनं मला विचारलं, ‘‘आई, पण त्यांना खुपतं त्या चित्रात आपणच आहोत ना?’’

नंतर लंडनमध्ये तुम्ही खुलासा केलात. ज्यांना इथे राहण्याचा कायमचा हक्क नाही, जे काम करत नाहीत आणि नियम पाळत नाहीत, त्यांच्याबद्दल तुम्ही बोलत होतात, आणि जर्मनीला स्थलांतरितांची गरज आहे हेही म्हणालात. खुलासा मी वाचला आणि त्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही वंशद्वेष्टे आहात असं मला वाटत नाही. पण रस्त्यानं चालणाऱ्या माणसाच्या खिशातला निवासाचा परवाना चेहऱ्यावरून दिसत नाही. दिसतो तो फक्त रंग. हे तुमच्यासारख्या निष्णात वकिलाला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

आकड्यांबद्दल बोलू, कारण हिशेब हे माझं कामच आहे. 2018 च्या शेवटी तुम्ही राजकारणात परत आलात आणि पक्षाध्यक्षपदासाठी उभे राहिलात, तेव्हा तुमचा शब्द होता की पक्षाला पुन्हा 40 टक्क्यांपर्यंत नेता येईल आणि एएफडी निम्म्यावर आणता येईल. 2017 च्या निवडणुकीत एएफडीला 12.6 टक्के मतं होती. 2021 मध्ये, तुम्ही अध्यक्ष होण्याआधी, ती 10.3 वर आली. 23 फेब्रुवारी 2025 ला, तुमच्या नेतृत्वाखाली लढलेल्या पहिल्या निवडणुकीत, 20.8 झाली. तुमच्या आघाडीला 28.5 टक्के मिळाले. निम्मं करण्याचं आश्वासन होतं, झालं दुप्पट.

मधल्या काळात काय काय बोललं गेलं तेही लक्षात आहे. 2022 मध्ये युक्रेनच्या निर्वासितांबद्दल बोलताना तुम्ही ‘सामाजिक पर्यटन’ हा शब्द वापरलात आणि मग माफी मागितलीत. 2023 च्या जानेवारीत टीव्हीवर शाळकरी पोरांना ‘छोटे पाशा’ म्हणालात. त्याच वर्षी जुलैमध्ये सीडीयू म्हणजे ‘आशय असलेला जर्मनीसाठीचा पर्याय’ असं सांगितलंत, म्हणजे समोरच्या पक्षाचं नावच आपल्या अंगावर चढवलंत. सप्टेंबरमध्ये म्हणालात की आश्रय नाकारलेले लोक दात बसवून घेतात आणि जर्मन नागरिकाला डॉक्टरची वेळ मिळत नाही. माझ्या दाताच्या डॉक्टरबाई हागेनच्याच आहेत, पक्क्या सीडीयूच्या. त्या वेळी त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पेशंटला कळकळीनं सांगत होत्या की आश्रय मागणाऱ्यांना पहिलं दीड वर्ष जवळपास फक्त दुखणं थांबवण्यापुरते उपचार मिळतात.

मग 29 जानेवारी 2025. त्याच्या आठवडाभर आधी आशाफेनबुर्गच्या बागेत एका माणसानं दोन वर्षांच्या बाळाला आणि त्याला वाचवायला धावलेल्या 41 वर्षांच्या गृहस्थाला चाकूनं मारलं. संशयित अफगाण होता आणि त्यानं देश सोडायला हवा होता. त्याआधीचे हल्लेही ताजे होते: मानहाइमला मारला गेलेला पोलीस, झोलिंगेनच्या उत्सवातले तिघे, माग्डेबुर्गचा नाताळबाजार. या देशातल्या प्रत्येक आईनं त्या आठवड्यात आपलं मूल घट्ट धरलं असेल, मीही धरलं. तेव्हा सरकारला जाब विचारणं हे विरोधी पक्षनेत्याचं कामच होतं आणि तुमचा संताप खोटा नव्हता. सीमेवर, हद्दपारीच्या व्यवस्थेत आणि मनोरुग्णांच्या देखरेखीत ढिलाई झाली, हेही खरं आहे.

पण त्याच्या दहा-अकरा आठवडे आधी, 13 नोव्हेंबर 2024 ला, बुंडेस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, तुम्ही स्वतः एक प्रस्ताव मांडला होतात. सरकार अल्पमतात गेलं आहे, तेव्हा एसपीडी आणि ग्रीन यांच्याशी आधी जे ठरेल तेच मतदानाला आणू, म्हणजे ‘त्या तिकडच्या’, एएफडीच्या, बाकांमुळे योगायोगानंही बहुमत घडणार नाही. किती चांगला प्रस्ताव होता तो. नेत्यानं आपणहून आपल्या हाताला बांध घालून घेतला होता. 29 जानेवारीला दुपारी बुंडेस्टागमध्ये आउशवित्झच्या मुक्ततेला 80 वर्षं झाल्याची स्मरणसभा झाली, ओडेसाहून आलेले रोमान श्वार्त्समान बोलले. त्याच संध्याकाळी त्याच सभागृहात स्थलांतरावरचा तुमचा पाच कलमी ठराव अवघ्या काही मतांच्या फरकानं मंजूर झाला. एएफडीच्या मतांशिवाय तो मंजूर झालाच नसता. एएफडीचे खासदार एकमेकांना मिठ्या मारत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. त्यांचे बेर्न्ड बाउमान माईकवर येऊन म्हणाले की नवं युग सुरू झालं आहे. तुम्ही खेद व्यक्त केलात. तुमचा चेहरा मी टीव्हीवर बघत होते. तो जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता.

ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं. दोन दिवसांनी ज्याला कायद्याचं बळ येणार होतं ते विधेयक आणलंत, तुमच्याच काही खासदारांनीही मतदान टाळलं आणि ते पडलं. माजी चान्सलर मर्केलबाईंनी जाहीरपणे चूक दाखवली. पक्षाचे जुने सदस्य मिशेल फ्रीडमान पक्ष सोडून गेले. आल्ब्रेश्ट वाइनबेर्ग या छळछावणीतून वाचलेल्या वृद्धानं सरकारी सन्मानपदक परत करायचं ठरवलं. हाती काय आलं? एकही माणूस त्या ठरावामुळे सीमेवर अडला नाही. पण ज्या पक्षाला तोवर बुंडेस्टागमधल्या एकाही मोठ्या मतदानात ‘आमच्यामुळे झालं’ म्हणता येत नव्हतं, त्याला ते म्हणता आलं.

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. तुमच्या पक्षातले अनेक जण असं धरून चालतात की एएफडीचे मतदार हे मुळात सीडीयूचेच, रुसून गेलेले, आणि त्यांच्या आवडीचं बोललं की ते घरी येतील. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत मी या मतदारांशी बोलते, त्यातले दोघे-तिघे माझे चांगले सहकारी आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ‘‘बघ, आता मेर्त्सही तेच म्हणतो. म्हणजे आम्ही वेडे नव्हतो.’’ ते परत येत नाहीत. त्यांचा संकोच जातो. पूर्वी ते मत हळू आवाजात सांगायचे, आता मोठ्यानं सांगतात. तुम्ही त्यांच्या निवडीला प्रतिष्ठितांचं प्रमाणपत्र दिलंत आणि तिला पर्याय मात्र दिला नाहीत. ऑक्सफर्डमधले तारिक अबू-शादी आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम युरोपातल्या अनेक दशकांच्या निवडणुका तपासून 2022 मध्ये हेच मांडलं. मुख्य प्रवाहातल्या पक्षांनी कडव्या उजव्यांची भूमिका उचलली तर कडव्यांची मतं घटतात याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मतदार गेले तर उलट दिशेनं जाण्याचा धोका दिसला.

शिवाय तुमचे स्वतःचे आकडे. 2023 मध्ये जर्मनीत आश्रयासाठी पहिल्यांदा अर्ज करणारे सुमारे 3 लाख 29 हजार होते, 2024 मध्ये सुमारे 2 लाख 30 हजार, आणि यंदा त्याहून पुष्कळ कमी. स्थलांतर उतरतं आहे आणि एएफडी चढते आहे. जनमत चाचण्यांत ती तुमच्या बरोबरीला किंवा पुढे आहे. या मतदारांचा राग फक्त सीमेवरच्या आकड्याचा असता तर तो आकड्याबरोबर उतरला असता. रोज सकाळी चान्सलरच जर म्हणत असेल की देशाचं दुखणं स्थलांतर आहे, तर संध्याकाळी लोक त्या दुखण्याचं जालीम औषध विकणाऱ्याकडे जातात.

शेजाऱ्यांकडे बघा. हॉलंडमध्ये 2023 साली मध्यम-उजव्या व्हीव्हीडीच्या दिलान येशिलग्योझ यांनी कडव्या उजव्या खेर्ट विल्डर्स यांच्यासाठी सत्तेचं दार किलकिलं केलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत विल्डर्स 17 वरून 37 जागांवर गेले, व्हीव्हीडी 34 वरून 24 वर. मग त्यांच्याबरोबर सरकार केलं, ते अकरा महिन्यांत विल्डर्स यांनीच पाडलं. आणि गेल्या महिन्यात, 29 ऑक्टोबरला, तुमचा खरा सख्खा पक्ष सीडीए, ज्याला लोक संपला म्हणत होते, 5 वरून 18 जागांवर आला. त्यांचे तरुण नेते हेन्री बॉन्टेनबाल यांनी विल्डर्स यांच्याबरोबर बसणार नाही असं आधीच सांगितलं होतं, आणि सगळ्या प्रचारात सभ्यपणाची, घरांची, शाळांची भाषा ठेवली. त्यांना एकदा फोन करून विचारा, मतदारांच्या दारात उभं राहून ते काय बोलत होते.

फ्रान्समधलं चित्र तर फार वाईट. द गॉल आणि शिराक यांचा वारसा सांगणारा पक्ष कडव्या उजव्या मारीन ल पेन यांच्या मागे धावत धावत अध्यक्षीय निवडणुकीत 2017 च्या 20 टक्क्यांवरून 2022 मध्ये 4.8 टक्क्यांवर आला. पाच टक्केही न मिळाल्यानं उमेदवार वालेरी पेक्रेस यांना प्रचाराचा बहुतेक खर्च सरकारकडून परत मिळाला नाही, लोकांकडे देणग्या मागाव्या लागल्या. 2024 च्या जूनमध्ये त्याच पक्षाचा अध्यक्ष एरिक सियोती स्वतःच ल पेन यांच्या छावणीत गेला. 2002 मध्ये याच घराण्यातल्या शिराक यांनी मारीन यांच्या बापाशी, म्हणजे जाँ-मारी ल पेन यांच्याशी, टीव्हीवर वाद घालायलाही नकार दिला होता आणि 82 टक्के मतं घेतली होती.

तुम्ही डेन्मार्कचं नाव घ्याल. तिथे समाजवादी लोकशाहीवाद्यांनी स्थलांतरावर कडक भूमिका घेतली आणि 2019 मध्ये डॅनिश पीपल्स पार्टी 21.1 टक्क्यांवरून 8.7 वर कोसळली. हा दाखला खरा आहे, तो टाळून चालणार नाही. पण त्याचा आधीचा अर्धा भाग कुणी सांगत नाही. 2001 पासून डेन्मार्कमधल्या उजव्या-मध्यममार्गी पक्षांनी त्याच पार्टीच्या टेकूवर सरकारं चालवली, तिच्या मागणीनुसार एकामागून एक कायदे कडक केले, आणि 2001 मध्ये 12 टक्क्यांवर असलेली ती 2015 मध्ये 21 वर होती. तिला प्रतिष्ठा दिली ती उजव्यांनीच. पुढे ती पडली तेव्हा समोर कामगारांना लवकर पेन्शन देऊ म्हणणारा डावा पक्ष होता. तो इतिहास सीडीयूला लागू होत नाही.

आपला स्वतःचा इतिहास आठवा, झोलिंगेन हागेनपासून फार लांब नाही. 1992 मध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेनमध्ये जमावानं स्थलांतरितांच्या इमारतीवर पेट्रोलबॉम्ब फेकले. 26 मे 1993 रोजी बॉनमध्ये तुमच्या पक्षानं एसपीडीच्या साथीनं आश्रयाचा घटनेतला हक्क आवळला. लोकांचा क्षोभ शांत होईल, असं सांगितलं गेलं. तीनच दिवसांनी, 29 मेच्या पहाटे, झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं गेलं आणि पाच बायका-मुली जळून गेल्या. आणि ज्यांची हवा काढून घ्यायची होती ते कडवे उजवे रेपुब्लिकानर? बाडेन-वुर्टेमबेर्गमध्ये 1992 ला त्यांना 10.9 टक्के होते, 1996 ला, घटनादुरुस्तीनंतरही, 9.1 टक्के. तो पक्ष पुढे विरला, पण त्या दुरुस्तीनं लगोलग विरला नाही.

आम्हा भारतीयांचा तुमच्या पक्षाशी असलेला हिशेब या राज्यातलाच आहे. 2000 च्या वसंतात नोर्डऱ्हाइन-वेस्टफालनच्या निवडणुकीत सीडीयूचे युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचारात घोषणा होती ‘किंडर श्टाट इंडर’, भारतीयांऐवजी आपली मुलं. माझ्या नवऱ्याला इकडे आल्यावर कामावरच्या सहकाऱ्यांनी ती ओशाळून सांगितली होती. त्या घोषणेनं काय मिळवलं? सीडीयू 37 टक्क्यांवर राहिली, आधीच्या वेळेपेक्षा किंचित खालीच, आणि सत्ता एसपीडीकडेच गेली. पाच वर्षांनी तेच रुटगर्स बेकारी आणि शाळा हे विषय घेऊन लढले आणि जिंकले. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी आर्मिन लाशेट यांना एकात्मतेचं खातं दिलं, देशातलं तसं पहिलं मंत्रिपद. तुमच्याच पक्षानं, तुमच्याच राज्यात, तुमच्याच पिढीच्या नेत्यानं हे करून दाखवलं आहे. लाशेट यांच्या त्या खात्यामुळेच मी पहिल्यांदा सीडीयूच्या सभेला गेले.

आज बर्लिनमधून भारताकडे काय निरोप जातो? गेल्या सरकारनं कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर न्यायचं ठरवलं. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबेर्गशी करार केला: नर्स, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर तयार करून पाठवायचे. त्या मुलामुलींचे जर्मन भाषेचे वर्ग सुरू झाले. आणि माझा फोन वाजतो. सांगलीहून एक आई विचारते, ‘‘ताई, पोरीला पाठवू का? तिकडे आपल्यासारख्यांना त्रास देतात म्हणे.’’ तिला मी काय सांगावं? इथल्या वृद्धाश्रमात तुमच्या मुलीची फार गरज आहे हे खरं. शेजारी चांगले आहेत हेही खरं. मग ती म्हणते, ‘‘पण त्यांचे पंतप्रधानच तसं बोलले ना?’’

हागेनमध्ये अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. आल्टनहागेनमध्ये मोडकळीला आलेल्या घरांत एकेका खोलीत माणसं कोंबून भाडं उकळणारे मालक आहेत, कचरा आहे, शाळेत जर्मनचा एक शब्द न येणारी मुलं आहेत. पण त्यातले कितीतरी जण बल्गेरिया-रुमानियाचे, म्हणजे युरोपीय संघाचे नागरिक. सीमेवरून माघारी पाठवण्याच्या मोहिमेचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तिथे लागतात इमारत तपासनीस, शिक्षक आणि कर्जातून मोकळी झालेली महापालिका. गृहमंत्री डोब्रिंटसाहेबांनी मे महिन्यात सीमेवरून आश्रय मागणाऱ्यांना परत पाठवायचा हुकूम काढला. 2 जूनला बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयानं तीन सोमाली व्यक्तींच्या प्रकरणात ते बेकायदा ठरवलं, तरी धोरण चालूच राहिलं. न्यायालयाचा मान राखायचा, हे मला परंपरावादाचं पहिलं लक्षण वाटत आलं आहे.

याच डोब्रिंटसाहेबांकडे 2013 ते 2017 वाहतूक खातं होतं. त्याच्या आधी आणि नंतरही 2009 पासून 2021 पर्यंत ते खातं तुमच्या भाऊबंद पक्षाकडेच, सीएसयूकडे. 2 डिसेंबर 2021 ला ल्युडेनशाइडजवळचा ए-45 महामार्गावरचा राहमेडेचा पूल बंद झाला, कारण तो भार पेलण्याच्या अवस्थेत उरला नव्हता. 2023 च्या मेमध्ये तो स्फोटानं पाडला. पूल बंद पडल्यावर आमचे ट्रक ल्युडेनशाइडच्या गल्ल्यांतून जायचे. डिझेलचा, ड्रायव्हरच्या तासांचा, उशिराच्या दंडाचा प्रत्येक आकडा माझ्या वहीत आहे. त्या रस्त्याकडेच्या घरांतली माणसं चार वर्षं रात्री झोपलेली नाहीत. आमच्या कारखान्यातला एक सुपरवायझर, तीन पिढ्या सीडीयूचा, त्याच रस्त्यावर राहतो. तो आता एएफडीला मत देतो. मी त्याला कारण विचारलं तेव्हा त्यानं आधी निर्वासितांबद्दल सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं तो पुलाबद्दल बोलला. तुम्ही त्याची पहिली दोन वाक्यं ऐकता, साहेब. उरलेली वीस मिनिटं कुणीच ऐकत नाही.

पूल तुमच्या राज्यात बंद पडला, तुमच्या सावरलांडच्या वाटेवर. देशात असे हजारो पूल आहेत, आणि पायाभूत कामांसाठी 500 अब्ज युरोचा निधी तुम्हीच घटना बदलून मंजूर करून घेतलात. तुमच्या भाषणांत त्याचा पत्ता कुठे आहे? जे बांधलं आहे ते टिकवायचं, हा तुमच्या पक्षाचा खरा विषय. त्यात एएफडी तुमच्या जवळपासही येऊ शकत नाही.

सहा मेला तुम्ही पहिल्या फेरीत चान्सलर निवडून आला नाहीत. आघाडीचे 328 खासदार असताना 310 मतं मिळाली. गुप्त मतदान होतं, ती अठरा मतं कुणाची हे कधी कळणार नाही. त्या दिवशी दुसऱ्या फेरीत तुम्हाला वाचवलं ते एकमेकांवर फारसं प्रेम नसलेल्या पक्षांच्या शिस्तीनं. हीच शिस्त आता तुमच्या पक्षातले काही जुने मान्यवर सैल करायला सांगत आहेत. याच महिन्यात ब्रसेल्समध्ये तुमच्या युरोपीय गटानं कंपन्यांवरच्या जबाबदाऱ्या कमी करणारा ठराव कडव्या उजव्यांच्या मतांनी मंजूर करून घेतला. तिकडे सवय लागली की ती इकडे यायला वेळ लागत नाही.

राइनर हाझेलोफ यांनी काय केलं ते आठवा. 2020 च्या डिसेंबरात ते साक्सन-आनहाल्टचे मुख्यमंत्री होते आणि तिथे सरकारी रेडिओ-टीव्हीचं शुल्क 86 सेंटनी वाढवायचा प्रश्न होता. सीडीयूला ते नको होतं, एएफडीलाही नको होतं, आणि दोघांनी एकत्र मत दिलं की वाढ पडत होती. गृहमंत्री श्टालक्नेश्ट यांनी युती मोडून अल्पमतातलं सरकार करायची भाषा केली. हाझेलोफ यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं आणि विधेयकच मागे घेतलं, म्हणजे ते एकत्र मतदान झालंच नाही. शुल्कवाढीला विरोध कायम ठेवला, पण एएफडीच्या हातानं नाही. सहा महिन्यांनी, जून 2021 मध्ये, अटीतटीची म्हणून गाजलेल्या निवडणुकीत सीडीयूला 37.1 टक्के मिळाले, एएफडीला 20.8. तिथले मतदार पूर्व जर्मनीतलेच, तेच ज्यांच्याबद्दल आज सांगितलं जातं की त्यांना कडक भाषाच कळते.

6 सप्टेंबर 2026 ला त्याच राज्यात पुन्हा निवडणूक आहे आणि हाझेलोफ या वेळी उभे नाहीत. यंदाच्या सप्टेंबरातल्या चाचणीत एएफडी 39 टक्क्यांवर होती, सीडीयू 27 वर. तिथे प्रचाराला तुम्ही जालच. तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत. पहिलं, माग्डेबुर्गच्या पहिल्या सभेत, तुमच्या उमेदवाराला शेजारी उभं करून, सांगा की निकाल काहीही लागला तरी सीडीयू एएफडीच्या मतांवर ना सरकार करील, ना एखादा ठराव मंजूर करून घेईल, 86 सेंटचासुद्धा. 2018 च्या हॅम्बुर्ग अधिवेशनातला पक्षाचा ठराव तसाच आहे, तो मोठ्यानं वाचून दाखवा. दुसरं, तिथल्या रुग्णालयांत, कारखान्यांत काम करणाऱ्या परदेशी माणसांपैकी काहींना भेटा आणि त्यांच्याबरोबरचं बोलणं कॅमेऱ्यासमोर होऊ द्या, म्हणजे शहराच्या चित्रात तेही आहेत हे तुमच्या तोंडून ऐकू येईल. आणि तिसरं, त्या प्रचारात एक पूर्ण भाषण फक्त रेल्वे, पूल, दवाखाने यांवर करा, ज्यात स्थलांतर हा विषय नसेल.

त्याआधी सावरलांडला घरी येताना कधी हागेनला थांबलात तर रेबाइन यांच्याबरोबर आमच्या आजोबांना भेटा. विली ब्रांटच्या फोटोखाली बसून ते तुम्हाला सांगतील की त्या रविवारी त्यांनी फुली का मारली, आणि पुढच्या वेळी मारतील की नाही.

आपली,
हागेनमधली एक सीडीयू मतदार